आडवं, सैल आणि थंड जागी

नाही नाही, टेबलावर नका ठेवू, त्या टेबलाची एक बाजू अशाच एका ड्रिलच्या बिटाने खाली बसलीय. फरशीवर ठेवा. हां. लेथवाल्याकडून तुम्हीच उचलून आणलंत ते बरं झालं, आमच्याकडे सगळ्यांच्या कमरा धरलेल्या. बसा आता, घाम पुसा, पंखा लावते. तर तुमचं म्हणणं काय, की तुम्ही काहीच केलं नाही. बरोबर आहे. या खुर्चीत जो जो बसतो तो हेच म्हणतो — मी काही केलं नाही, मी नेहमीसारखंच भोक पाडत होतो आणि अचानक खालून बिटाचा शंकू निसटला. अचानक. जमिनीच्या पोटात एवढ्या खोल अचानक काही होत नसतं हो भाऊ. वर कुणीतरी उभा असतो, त्याला घरी जायची घाई असते, तो रेटा वाढवतो, बिटाला गार ठेवणारा चिखलाचा पंप कमी ठेवतो, बिट तापतं. बिट तापलं की आतली रबराची रिंग भाजते. रिंग भाजली की आतलं ग्रीस बाहेर, बाहेरची रेती आत, बेअरिंगचा भुगा — आणि शंकू गेला खाली कायमचा राहायला. मग बाकीचे बसतात गळ टाकून, मासा धरल्यासारखे. बसलेत ना अजून तुमच्याकडचे? वाटलंच. तुमच्याबद्दल नाही म्हणत मी, सर्वसाधारण सांगतेय.

आणि तोंड असं पाडू नका. तुमच्या साहेबांनी तुम्हाला घरी बसवलंय हे तुम्ही सकाळीच सांगितलंत, आणि माझा अहवाल ‘तापवलं’ असा आला तर पुन्हा रिगवर पाऊल ठेवू देणार नाहीत हेही सांगितलंत. दोनदा सांगितलंत. पण मी काय करणार, मी काय न्यायाधीश आहे? मी रिंग बघते आणि रिंग सांगते ते लिहिते. रिंगेला नातीगोती नसतात, आणि या टेबलाशी बसल्यावर मलाही नसतात.

हे होय — ही ठकठक? तिकडे लक्ष देऊ नका. ते आमचे बाबा. सासरे माझे. पलीकडे स्टोअर आहे, तिथं खिळे ठोकतायत. मोठ्याने बोललात तरी चालेल, त्यांना ऐकू कमी येतं. थांबा, खुर्ची जरा इकडे सरकवा, या खिडकीतून दिसेल — दिसली भिंत? बघतच राहावंसं वाटतं की नाही? सगळं त्यांनी केलंय. या टोकापासून त्या टोकापर्यंत खिळे, प्रत्येक खिळ्यावर एका मापाच्या रिंगांचा घोस, वर लहान, खाली मोठ्या, आणि प्रत्येक घोसाला खाली तारेने लोंबता पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. जन्मभर किल्ल्या बनवायचं दुकान होतं हो त्यांचं, दुकान कसलं, जिन्याखालची खोपी, पण कुणीही यावं, कुठल्याही कुलपाचं नाव घ्यावं, बाबांचा हात न बघता बरोबर त्या खिळ्यावर जायचा. इथं आले तेव्हा रिंगा खोक्यांत असायच्या, पिशव्यांतून, एकीवर एक. बाबा म्हणाले, सूनबाई, ही वस्तू ठेवायची पद्धत झाली का, हा तर उकिरडा झाला. दुसऱ्या दिवशी खिळ्यांचा पुडा घेऊन हजर. आता आमच्याकडे कुणी गिऱ्हाईक आलं की मालक आधी ती भिंत दाखवतात, मग मशिन. गेल्या खेपेला तुमची बिटं बनवणाऱ्या कंपनीचे दोघं आले होते, त्यांनी भिंतीपुढे उभं राहून फोटो काढला. बाबांना मधे घेऊन. फक्त ते स्टूल तेवढं — एक पाय आखूड आहे त्याचा, चढले की माझा जीव टांगणीला लागतो. किती वेळा म्हटलं कुणालातरी धरायला सांगा. नाही. मी काय म्हातारा झालोय का, म्हणतात.

बरं, कामाला लागू. तुम्ही उभा जन्म बिट फिरवलंत, पण आत काय असतं ते बघितलंय कधी? नाही ना. कुणीच बघत नाही, स्वयंपाक सगळे खातात आणि चुलीजवळ कुणी येत नाही. हे बघा, बिटाला तीन शंकू, दातांचे, तिन्ही आपापल्या खुंटीभोवती गरगर फिरणार. खुंटी आणि शंकू यांच्या मधे ग्रीस. आणि ते ग्रीस आत राहावं म्हणून तोंडाशी ही रिंग. एवढं अवजड धूड, एवढा डोंगर फोडायचा, आणि सगळा भरवसा कुणावर, तर माझ्या करंगळीएवढ्या जाडीच्या रबरावर. आम्ही बिट बनवत नाही, एवढी रिंगच बनवतो. रबर आमचे हे मळतात, तिकडे मोठ्या रुळांवर — त्यात काय काय घालतात ते मलाही सांगत नाहीत, मी विचारतही नाही, घरात भाजीत मीठ किती घालतात ते त्यांना कुठं माहीत आहे. खाली जमीनच तापलेली असते, म्हणून उष्णतेने कडक होणारं रबर चालत नाही. साधं रबर तिथं दोन दिवसांत वाळक्या चपलेच्या पट्ट्यासारखं होईल. आमचं होत नाही. कशावरून? तर मी भाजते. दोन लोखंडी पाट्यांमधे रिंग दाबायची, घट्ट आवळायची, ओव्हनमधे ठेवायची, रोज जाऊन बघायचं नाही, विसरून जायचं. मग काढायची, पाट्या सोडायच्या, आणि बघायचं किती परत उसळते. उसळली तर पास. दबलेली दबलेलीच राहिली तर नापास, मग ती कुणीही मळलेली असो. एकदा यांचंच मिश्रण कच्चं निघालं. लिहिलं मी — नापास, मळण्यात कसूर. खाली माझी सही. घरी आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी. इतका निवांत आठवडा लग्नानंतर मला मिळाला नव्हता. सांगायचा मुद्दा, माझ्यापुढे नवऱ्याची डाळ शिजत नाही, तिथं तुमची काय कथा.

चहा घेणार? — बघा, ठोकणं थांबलं. योगायोग हो, ऐकू येत नाही त्यांना. असं नेहमी होतं, चहाचं नाव काढलं की थांबतात. करतील आता थोड्या वेळाने, ते शेगडी स्टोअरमधेच ठेवतात. झालं, लागले परत ठोकायला. नवीन माल आलाय ना, नवीन ओळ करतायत.

तर हा तुमचा शंकू. जो खाली पडला त्याच्या रिंगेच्या चिंध्याच उरल्यात, त्यावरून काही कळायचं नाही. म्हणून उरलेल्या दोनांतला एक लेथवाल्याकडून कापून घेतला. एकाच बिटातल्या तिन्ही रिंगा एकाच घोसातल्या — एकाच लॉटमधल्या असतात, एकीला जे झालं तेच दुसरीला होऊ घातलेलं असतं. ही बघा, निघाली. चिमट्याने धरते. आता मी न बघता सांगते काय दिसेल — कडक झालेली असेल, वाकवली की कडकन तडा जाईल. तडा गेला की समजायचं भाजलीय, आणि भाजलीय म्हणजे वरचा माणूस… असो. इकडे बघा, तुमच्या डोळ्यांसमोर वाकवते, मागाहून म्हणाल बाईने आधीच मोडून ठेवली होती. ही वाकवली.

अं?

परत वाकवते. चुकून मऊ जागा लागली असेल. ही इथं. आणि ही इथं.

मऊ आहे हो. लोण्यासारखी आहे. नखाने दाबा — दाबा, दाबा, चावत नाही — भरून आला ना नखाचा ठसा परत? हे भाजलेलं रबर नव्हे. छे. ही काही तापली-बिपली नाही, म्हणजे तापली असेल जेवढी तापायची तेवढी, पण त्यात आमची रिंग आरामात झोपा काढते. मग तुम्ही पंप कमी ठेवला नव्हता? नव्हता ठेवला. सांगत होतात खरे सकाळपासून. बरं बरं, एवढं खूश व्हायचं कारण नाही, अजून बाकी आहे. उष्णता नाही तर दुसरं काहीतरी. तेल चुकीचं असेल तर फुगते, ही फुगलेली नाही. दाब अचानक आला तर काठ कुरतडल्यासारखे दिसतात, काठ ठीक आहेत. मग गळाली कुठून? हे बघा, इथं एका जागी ग्रीस बाहेर आल्याचा माग आहे, एवढ्याच जागी. भिंग द्या ते. हां… ही गोल नाहीये. अंड्यासारखी आहे. इथं एक खळगा पडलाय, आतल्या अंगाला, अर्धगोल, एखाद्या… आणि त्याच्या बरोब्बर समोर दुसरा, लहान, पातळ, कसलीतरी तार घासल्यासारखा. वर एक, खाली एक. वर जाड वस्तू आणि खाली बारीक वस्तू. म्हणजे ही रिंग बिटात जायच्या आधी खूप दिवस कशालातरी — आणि खालून कसलंतरी वजन —

कमाल आहे. असं मी कधी बघितलं नाही. हे तुमच्याकडे झालं असेल. तुम्ही बिट कुठं टांगून ठेवता का? नाही, बिट टांगून आतल्या रिंगेला काय होणार, मी पण काय बोलतेय. मग ते बिटं बनवणारे. त्यांनी बसवायच्या आधी कुठंतरी अडकवून ठेवली असेल, लोकांना अक्कल नसते हो, आम्ही प्रत्येक पिशवीवर छापतो, मीच मजकूर दिलाय — आडवं ठेवा, सैल ठेवा, थंड जागी ठेवा. ताण नको, ऊब नको. लहान पोरालाही कळेल. रबराला ताणून उबेला ठेवलं की ते तो आकार लक्षात ठेवतं, मग तुम्ही त्याला कितीही गोल खाचेत बसवा, ते त्या दोन जागी पातळच राहणार, आणि तिथूनच घर फुटणार. हे आम्ही सगळ्यांना शिकवतो. कुणीतरी महामूर्ख असला पाहिजे ज्याने ती अशी खिळ्याला —

तिकडे काय बघताय?

नाही, तुम्ही खिडकीतून तिकडे काय बघताय ते विचारतेय मी.

ती भिंत ना, गरम असते. तिच्या मागेच माझा ओव्हन आहे. बाबांना बरं वाटतं तिथं, पाठ शेकते म्हणतात.

पंखा बंद करू का? नको. राहू दे.

तुम्ही काही बोलला नाहीत हे बरं केलंत. बोलला असतात तर मी भांडले असते. माझी जीभ अशीच आहे, आधी भांडते मग विचार करते. पण तुम्ही नुसतेच बघताय. अहो, रोज बघते मी ती भिंत. रोज या खुर्चीतून. पिशवीवर मजकूर कुणाचा, माझा. आडवं, सैल, थंड. आणि भिंतीवर काय, तर उभं, ताणलेलं आणि शेकत ठेवलेलं, शिवाय खाली बिल्ल्याचं वजन. इतकं चुकीचं ठेवायचं म्हटलं तर मुद्दामसुद्धा जमायचं नाही कुणाला. आणि मी लोकांना म्हणते, बघतच राहावंसं वाटतं. फोटो काढा म्हणते.

एक सांगू, मला त्या भिंतीवर रिंगा दिसायच्याच नाहीत. मला बाबा दिसायचे. सासूबाई गेल्यावर दुकान बंद केलं त्यांनी. किल्ल्यांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवा म्हटलं की दोन घास. बोला म्हटलं की हं. मी आधी समजावलं, मग रागावले, मग चक्क ओरडले, आणि मग एक दिवस वैतागून म्हटलं, घरी पडून राहता त्यापेक्षा माझ्याबरोबर चला, तिथं पडा. आले. स्टोअरमधे एका खोक्यावर बसून राहिले. आणि मग तो उकिरडा दिसला त्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधी दाढी करून तयार. डब्यात पोळी कमी पडली म्हणाले. दाबून ठेवलेलं माणूस परत उसळलं हो, माझ्या ओव्हनमधली कुठली रिंग उसळली नसेल तेवढं. ते खिळे ठोकत होते आणि मी इथं बसून रडत होते, आनंदाने, कामाच्या वेळेत. तेव्हा मी काय तिथं जाऊन म्हणायला हवं होतं, बाबा, पिशवीवर काय लिहिलंय ते वाचा?

म्हणायलाच हवं होतं. माहीत आहे मला.

बरं, समजा — नुसतं समजा — मी ‘उष्णता’ लिहिलं. तुमच्याकडे खाली उष्णता असतेच, खोटं काही नाही त्यात. तुमच्या साहेबांना काय कळणार आहे? मग काय होईल, तुम्हाला थोडे दिवस घरी… हो. ते सांगितलंत. थोडे दिवस नव्हे. दुसऱ्या रिगवरही घेणार नाहीत, बिट जाळणारा म्हणून नाव होईल. कळलं हो. आणि तुम्ही खाली मान घालून काय बसलात, मला दोन शिव्या द्या की, म्हणजे माझं काम सोपं होईल. काय म्हणालात? जरा मोठ्याने. — लिहा म्हणता? ‘तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा’? ‘म्हातारा माणूस आहे’ म्हणता? अहो, असं नका करू. हे तर भांडण्यापेक्षा वाईट. आयतं पुण्य नकोय मला तुमच्याकडून. तुम्ही घरी जाऊन बायकोला काय सांगाल, एका बाईच्या सासऱ्यासाठी नोकरी सोडून आलो? ती विळी घेऊन येईल इकडे, आणि बरोबर करेल.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. नवऱ्याच्या विरुद्ध लिहिताना मजा वाटली होती मला, खरं सांगते, मजा. आणि तुम्हाला सांगत काय होते मघाशी, रिंगेला नातीगोती नसतात. मोठी शहाणी. द्या तो कागद. लिहिते. ‘उष्णतेचा दोष नाही. चालवणाऱ्याचा दोष नाही.’ हे तुमचं झालं, हे वाचलं की तुमच्या साहेबांनी पुढचं वाचायची गरज नाही, पण मी लिहिणार. ‘बसवण्यापूर्वी रिंग खिळ्यावर टांगून उबेत ठेवल्यामुळे आकार गेला. दोष आमच्या स्टोअरचा.’ स्टोअरचा, माणसाचं नाव कशाला. सही. घ्या. आणि त्या भिंतीवरचा सगळा माल बाद करावा लागेल, गेला असेल तो परत मागवावा लागेल, मालक मला उभं जाळतील, ते मी बघते. पण बाबांना हे कसं सांगायचं? सांगणार नाही. काहीतरी थाप मारेन — भिंतीला ओल आलीय म्हणेन, रंग द्यायचाय म्हणेन, थोडे दिवस सगळं खाली आडवं ठेवू म्हणेन. जन्मात कळू द्यायची नाही त्यांना. तुम्हीही बाहेर पडताना काही बोलू नका, नुसता नमस्कार करा, ते काय म्हणाले तरी हो म्हणा. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून बरं, नाहीतर या फळकुटाच्या पलीकडून एवढा वेळ —

ठोकणं कधी थांबलं?

चहाचं नाव कुणी काढलं होतं का आत्ता? तुम्ही काढलंत? मी नाही काढलं.

श्श.

हा कसला आवाज? हा ठोकण्याचा नाही. कर्र… ऐकलंत? परत. पक्कड आहे. पक्कड लावलीय त्यांनी. अहो, उपटतायत. वरच्या ओळीपासून सुरुवात केलीय, बघा, एकेक घोस काढून हातावर घेतायत, बिल्ला सोडवून खिशात टाकतायत, आणि रिंगा खाली खोक्यात — आडव्या ठेवतायत. एकेक. सैल. म्हणजे सगळं — म्हणजे पहिल्यापासून सगळं.

नाही, मी नाही जाणार. मी गेले की मी रडेन, मी रडले की ते मला समजावत बसतील, आणि आज त्यांनी मला समजावायचं हे काही बरोबर नाही. तुम्ही जा. तुमचा कागद घेतलात ना, झालं तर मग, तुमचं काम झालं, उठा आता. बिट राहू दे इथंच. दार तिकडून, स्टोअरमधून जायचं. त्यांच्याशी काही बोलू नका, धीर-बीर अजिबात देऊ नका, त्यांना आवडत नाही. फक्त जाता जाता तेवढं स्टूल धरा. वरची ओळ होईपर्यंत नुसतं धरून उभे राहा.